अर्धा इंच वर

आधी काहीच हलवू नका. पाना पेटीतच राहू द्या.

मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्याचा काठ डोळ्यांपुढे आणा. तळं एवढं मोठं की पलीकडचा किनारा नजरेत भरत नाही, पण खोली फार तर 42 फूट. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाट चटकन उठते, तीही आखूड आणि उभी. तुमची बोट 14 फुटी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. मागच्या फळीवर 15 अश्वशक्तीचं आऊटबोर्ड इंजिन, वजनाला 45-50 किलो. एवढ्या हलक्या बोटीत एवढं वजन अगदी टोकाला लटकलेलं आहे. ते अर्धा इंच वर-खाली झालं किंवा किंचित कललं, तरी बोटीची चाल बदलते.

आता बोट ट्रेलरवर असतानाच मागे जाऊन उकिडवे बसा. इंजिनाचा पाय नीट बघा. तळाशी प्रोपेलर, म्हणजे पंखा, आणि त्याच्या लगेच वर एक आडवी पाती. ही व्हेंटिलेशन प्लेट. वरची हवा पंख्याकडे ओढली जाऊ नये म्हणून ती असते. एक सरळ पट्टी बोटीच्या तळाला, मधल्या रेषेवर लावा आणि मागे प्लेटपर्यंत न्या. प्लेट पट्टीच्या रेषेत असावी, किंवा फार तर इंचभर वर. ती रेषेच्या बरीच खाली दिसली, तर बोट जड का चालते याचं उत्तर इथेच, कोरड्या जमिनीवर मिळालं. बरेच जण हे न पाहता मोठ्या इंजिनाचा भाव काढायला जातात, याचं मला वाईट वाटतं.

घाई करू नका. पट्टी हातात घेऊन थोडं थांबा.

1909 साली मिलवॉकीत ओले एव्हिनरूड यांनी आऊटबोर्ड इंजिनाचा धंदा उभा केला. बोटीच्या बाहेर, फळीवर टांगता येणाऱ्या या यंत्राने सामान्य माणसाला एक मोठी मोकळीक दिली. इंजिन बोटीच्या पोटात असलं की दांड्याचा कोन बांधणीच्या वेळीच ठरून जातो. टांगलेल्या इंजिनाची उंची आणि कोन मात्र मालकाच्या हातात राहतात. ते हात वापरायचे, पण हळू. तानपुऱ्याची जवारी लावताना दोरा केसभर सरकवतात आणि मग ऐकतात, तसं.

उंची वाढवायची तर पकडीचे दोन्ही स्क्रू सैल करून इंजिन उचला, फळीवर अर्ध्या इंचाची टणक लाकडी पट्टी ठेवा आणि स्क्रू पुन्हा घट्ट आवळा. स्क्रूच्या चकत्या फळीवर पूर्ण टेकल्या आहेत ना, हे हाताचं बोट फिरवून बघा. एवढंच. कोनाला आज हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणती लागू पडली ते कधीच कळत नाही.

आता पाण्यात. इंजिन सुरू केल्यावर पहिली नजर त्याच्या मागून उडणाऱ्या बारीक धारेकडे. थंडाव्याचं पाणी फिरतंय याची ती खूण आहे. ती तुटक झाली, तर पाणी ओढणारी जाळी हवेत येते आहे, म्हणजे इंजिन फार वर गेलंय. हे मनात पक्कं ठेवा; वेगाच्या हव्यासापायी इंजिन जाळू नका.

थ्रॉटल सावकाश उघडा. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उठते, मागचा भाग बसतो, मग बोट पाण्यावर चढून सपाट धावू लागते. आता मान वळवून प्लेटकडे बघा. पाणी तिला जेमतेम भिजवत जात असेल तर उंची जमली. पाण्याचा फवारा इंजिनाच्या पायावर आपटत असेल, तर इंजिन अजून खोल आहे. मग एक वळण घ्या. वळणात आवाज एकदम चढला आणि बोट मात्र मंदावली, तर पंख्याने हवा गिळली. पाव इंच खाली या.

उंची बसली की दुसऱ्या दिवशी कोन. पकडीच्या खाली भोकांची रांग असते आणि त्यातल्या एकात आडवी पीन. पीन फळीच्या जवळच्या भोकात असली की इंजिन आत दुमडतं आणि नाळ खाली दबते. बोट पटकन चढते, पण पाणी कापत जाते, भिजवते आणि हँडल एका बाजूला ओढते. पीन लांबच्या भोकात गेली की नाळ उंचावते. अति झालं की ती वर-खाली उसळत राहते. नेहमीच्या वेगात प्लेट पाण्याशी समांतर राहील ते भोक तुमचं.

या सगळ्यात तुमचं स्वतःचं वजनही धरा. एकटे मागच्या बाकावर बसलात तर कुठलीही पीन नाळ खाली आणणार नाही. हँडलला लांबी वाढवणारा दांडा जोडा आणि मधल्या बाकावर सरका. पेट्रोलची टाकी आणि बॅटरीही पुढे घ्या. किती तरी बोटींचं दुखणं एवढ्यानेच जातं. तपासताना मात्र रोज जेवढं सामान नेता तेवढंच ठेवा, रिकाम्या बोटीने दिलेलं उत्तर मासेमारीच्या दिवशी टिकत नाही.

पीन बदलायची ती नेहमी इंजिन बंद करूनच. आणि हँडल धरण्याआधी इंजिन बंद करणारी लाल दोरी अंगाला अडकवा. अमेरिकेत 26 फुटांखालच्या, ही सोय असलेल्या बोटींसाठी वेगात असताना ती लावणं 1 एप्रिल 2021 पासून कायद्यानेच सक्तीचं आहे. कायदा नसता तरी लावा. हँडलवरचा हात सुटला की इंजिन एका बाजूला वळतं, हलकी बोट गोल फिरू लागते आणि पंखा पाण्यात पडलेल्या माणसाकडेच परत येतो.