पाल्हाळ

थोर कादंबऱ्या जितक्या मानल्या जातात तितक्या वाचल्या जात नाहीत, आणि कारण विचारले तर बहुतेकजण एकच शब्द पुढे करतात: पाल्हाळ! हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’वरचा हा आरोप वाटूरला आम्हा मास्तरमंडळींत इतक्यांदा ऐकला की, एकदा त्याचा नीट निवाडा करावा असे वाटले. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. तेव्हा माझे माप किंचित आरोपीकडे झुकणार, हे वाचकांनी धरूनच चालावे.

आरोपात तथ्य नाही असे नाही. ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. संपादकही हरिभाऊच. अंक भरायचा, मागचे वाचकाला आठवून द्यायचे आणि पुढची ओढही लावायची! त्यामुळे यमू तेच दुःख पुन्हा सांगते. प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिल्यावरही त्याचे तात्पर्य समजावीत बसते. एखाद्याने तेथे लाल शाई चालवली तर मी त्याचा हात धरणार नाही.

पण लाल शाई तेवढ्यावर थांबत नाही. संक्षेप करणारा माहेरचे रुसवेफुगवे कापील, सासरची रोजची बोलणी कापील, रघुनाथरावांबरोबरचा मुंबईतला सुखाचा संसारही कापील. कारण तेथे ‘काही घडत नाही’. मग उरते काय? नवऱ्याचा मृत्यू आणि जबरीने केलेले केशवपन. एवढे सांगायला कादंबरी कशाला हवी? १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ वर आले, तेव्हा वादाचा केवढा धुरळा उडाला होता! त्या धुरळ्यात बालवधू हा नुसता एक मुद्दा होता. हरिभाऊंनी त्या मुद्द्याला नाव दिले, हट्ट दिला, हसू दिले. जिच्याबरोबर आपण इतके दिवस राहिलो, तिच्या केसांना वस्तरा लागतो तेव्हा तो आपल्याच घरात लागतो.

आमच्याकडे कापूस एका वेचणीत घरी येत नाही. बोंडे आपापल्या वेळी फुटतात आणि माणसाला त्याच पाट्यांतून पुन्हा फिरावे लागते. माणसाची ओळखही तशीच होते.

म्हणून काही प्रत्येक जाड पुस्तक थोर ठरत नाही. विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ (१९३९) लहानसेच आहे. बोटीवरच्या थोड्या दिवसांची ती कथा. तेथे दहा पाने वाढवली तर बिघडेल. यमूचे दुःख मात्र वर्षानुवर्षे साचलेले आहे. कसोटी एवढीच: कापल्यावर शेवटचे दुःख हलके होते काय? होत असेल, तर तो पाल्हाळ नव्हता.

मला तर हा प्रश्न वाङ्मयाहून नीतीचाच अधिक वाटतो. घरातली आजी जुने काही सांगू लागली की आपण म्हणतो, “आजी, मुद्द्याचं सांग!” तिचा मुद्दा म्हणजे तिचे सगळे आयुष्य असते, हे आपण विसरतो. हरिभाऊंनी पुस्तकाच्या नावातच हा प्रश्न विचारून ठेवला आहे, आणि ‘फार लांब आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

मूळ वाचकांनी ती आठवड्याला थोडी थोडी वाचली. आपणही दिवाळीनंतर रोज रात्री एक प्रकरण घरात मोठ्याने वाचावे. कंटाळा आला तर पुस्तक मिटावे, उद्या पुन्हा उघडावे. घाई यमूला नाही.