बी वाटून ठेवणारी बाई

ओडिशाच्या कोरापुट जिल्ह्यातल्या पात्रपुट गावच्या कमला पुजारी २० जुलै २०२४ रोजी कटकच्या रुग्णालयात वारल्या. सत्तरी ओलांडलेली, शाळेची पायरी न चढलेली आदिवासी शेतकरीण, नावामागे पद्मश्री. अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले, दिल्लीपासून भुवनेश्वरपर्यंत शोकसंदेश निघाले आणि वर्तमानपत्रांनी ठरलेल्या साच्यात मजकूर छापला: साधी राहणी, निःस्वार्थ सेवा, भाताच्या शंभरावर वाणांचं जतन. यात खोटं काही नाही. पण हे वाचून कुणालाही वाटेल, की एका मायाळू आजीला जुन्या बियाण्यांची हौस होती आणि मन मोठं म्हणून ती ते गावाला वाटत होती. कमलाबाईंचं काम समजून घ्यायचं तर त्यांच्या मनाचा मोठेपणा थोडा वेळ बाजूला ठेवून भाताच्या दाण्याकडे बघावं लागतं.

भाताचं बी कणगीत फार दिवस जगत नाही. दमट हवेत एखादं-दुसरं वर्ष गेलं की त्याची उगवण घसरते. म्हणजे वाण राखायचं तर ते दरसाल पेरायलाच हवं. आता दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतात एक कुटुंब किती वाणं पेरणार? पाच, दहा? शिवाय सगळी एकाच शेतात घेतली आणि एका रात्रीत पुराचं पाणी शिरलं किंवा ऐन निसवणीत पावसानं दडी मारली, तर सगळीच एकदम गेली. तेव्हा वाण टिकवण्याचा खात्रीचा मार्ग एकच उरतो: ते दुसऱ्याच्या शेतात पोचवायचं. आपलं बुडालं तर त्याच्याकडून मागून आणता येतं. बियाणं वाटणं हे अशा शेतीत दानधर्मात मोडत नाही, ती साठवणुकीचीच पद्धत आहे. कमलाबाई उदार असतीलही. त्याहून जास्त त्या हिशेबी होत्या, आणि त्यांच्या मृत्युलेखांत नेमका हा हिशेब आला नाही.

त्यांचा मुलूखही तसाच होता. जेपोरचं पठार भाताच्या विविधतेसाठी जगभरच्या शास्त्रज्ञांना माहीत आहे. डोंगरउतारावर लवकर येणारी वाणं, मधल्या जमिनीत मध्यम मुदतीची, खाली ओढ्याकाठच्या पाणथळ खाचरांत उशिरा येणारी. कोकणातला किंवा मावळातला शेतकरी याला हळवं, निमगरवं आणि गरवं म्हणेल आणि त्याला पुढचं काही सांगावं लागणार नाही. १९५५ नंतरच्या काही वर्षांत कटकच्या भात संशोधन संस्थेनं या भागाचं सर्वेक्षण केलं, तेव्हा सतराशेच्या वर वाणांचे नमुने गोळा झाले. १९९० च्या दशकात पुन्हा शोध घेतला, तर शेतात उरलेली वाणं शेकड्यात मोजण्याइतकी होती.

मधल्या काळात झालं ते कुणाचं कारस्थान नव्हतं. सुधारित बियाणं आलं, त्याच्यासोबत अनुदानाचं खत आलं, एकरी उतारा वाढला. ज्या घरात भादव्यात धान्य संपतं, तिथल्या माणसानं जास्त पिकणारं बी घेतलं यात त्याला दोष कसा द्यायचा? गंमत अशी, की हरितक्रांतीशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या एम. एस. स्वामिनाथन यांच्याच प्रतिष्ठाननं पुढे जेपोरला येऊन, गावोगावच्या शेतकऱ्यांना हाताशी धरून, मागे पडलेली वाणं जपण्याचं काम उभं केलं. या कामात कमलाबाई सामील झाल्या आणि बघता बघता त्याच्या पुढारी झाल्या.

त्या आसपासच्या गावांत घरोघर फिरून बी मागत. ज्याच्याकडे एखादं वाण उरलंय त्याच्याकडून मूठ-दोन मुठी घ्यायचं, पेरून वाढवायचं, आणि मग ज्याला हवं त्याला द्यायचं. गावच्या बीज-बँकेचा व्यवहारही असाच साधा असतो: पेरणीला बी न्यायचं आणि सुगीला, नेलं त्यापेक्षा थोडं जास्त परत भरायचं. आपल्याकडे सावकार सवाई-दिढीनं धान्य द्यायचा, त्याचं हे उलटं रूप. वाढावा सावकाराच्या घरी न जाता गावाच्या कणगीत पडतो आणि पुढच्या साली आणखी एका घराला पुरतो. रासायनिक खत सोडा, असंही त्या शेतकऱ्यांना पटवून देत होत्या. ज्यांनी कधी गावात असं काही पटवून द्यायचा प्रयत्न केलाय त्यांना ठाऊक आहे, की गोड स्वभावावर हे भागत नाही. त्यासाठी आपलं शेत दाखवावं लागतं.

बी राखण्यातलं कसब जवळून बघण्यासारखं असतं. कापणीनंतर राशीतून मूठभर दाणे काढून ठेवले म्हणजे बियाणं झालं, असं नाही. पीक उभं असतानाच शेतात शिरून भरघोस, निरोगी लोंब्या निवडायच्या. पानाचा रंग, दाण्याच्या टोकाचं कूस, ताटाची उंची यात वेगळं दिसणारं ताट आधीच उपटून टाकायचं. भाताचं परागीभवन बहुतेक त्याच्या त्याच्याच फुलात होतं, त्यामुळे शेजारच्या वाणाशी संकर व्हायची भीती कमी. खरी भेसळ होते ती खळ्यावर. म्हणून बियाण्याच्या लोंब्या वेगळ्या झोडायच्या, वेगळ्या वाळवायच्या, वेगळ्या भरायच्या. अशी दहा-वीस वाणं असतील तर कुठल्या कणगीत काय, ते कुठल्या जमिनीत चालतं, कुणाच्या घरी त्याचा जोड आहे, हे सगळं डोक्यात हवं. कागदावर काहीच नसतं. हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात आणि बहुतेक ठिकाणी त्याला घरकामातच धरतात.

जोहान्सबर्गला २००२ साली झालेल्या शाश्वत विकासाच्या जागतिक शिखर परिषदेच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या इक्वेटर इनिशिएटिव्हनं जेपोरच्या या कामाची दखल घेतली, तेव्हा कमलाबाई तिथे होत्या. तिथे गौरव होता तो एका मुलखातल्या समूहांच्या कामाचा. पुढे कोरापुटच्या पारंपरिक शेतीला २०१२ मध्ये जागतिक कृषिवारशाचा दर्जा मिळाला, तोही साऱ्या प्रदेशाला. पण २००४ चा राज्याचा उत्कृष्ट शेतकरी-स्त्रीचा मान, २०१८ मधलं राज्य नियोजन मंडळाचं सदस्यत्व, २०१९ ची पद्मश्री आणि भुवनेश्वरच्या कृषी विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहाला दिलेलं नाव, हे सगळं एका बाईच्या वाट्याला आलं. मान मिळाला याबद्दल तक्रार नाही. पण पुरस्काराला एक चेहरा लागतो, आणि तो सापडला की त्यामागचा गाव दिसेनासा होतो. मग बातमीत वाणांचा आकडा येतो, तोही बातमीगणिक बदलणारा. ती वाणं किती घरांत पेरली जात होती आणि आज जातात का, हे विचारायचं राहून जातं.

चेहऱ्याचं पुढे काय होतं, ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. कमलाबाई आजारी होत्या, कटकच्या एका सरकारी रुग्णालयात उपचार घेत होत्या. घरी सोडण्याआधी तिथे त्यांना नाचायला लावलं गेलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली. नाचायचं नव्हतं, थकले होते, तरी भाग पाडलं, असं त्यांनी नंतर सांगितलं; त्यांच्या परजा समाजाच्या लोकांनी निषेध केला. ज्या समाजसेविकेनं हा प्रकार केला, तिच्या लेखी तो आजींचा आळस घालवण्याचा उपाय होता. नियोजन मंडळावर बसलेल्या दुसऱ्या कुणाला अशा अवस्थेत नाचवायचं धाडस झालं असतं का? आदिवासी आणि म्हातारी म्हटल्यावर तिच्याकडून गोड हसू आणि नाच एवढंच अपेक्षित असतं. शेतीतल्या तज्ज्ञाला मिळते ती अदब तिला कुणी देत नाही.

हे फक्त ओडिशाचं नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. ज्या देशात निंदणी, लावणी, कापणी आणि बियाण्याची राखण बायकांच्या हातात, तिथे सातबाऱ्यावर त्यांचं नाव बहुधा नवरा गेल्यावरच लागतं. सोसायटीचं सभासदत्व, पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई सगळं त्या नावामागून चालतं. अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे देशी वाणांची बँक आहे, त्यांनाही पद्मश्री मिळाली आणि आपण त्यांना ‘बीजमाता’ म्हणून मोकळे झालो. बिरुद प्रेमाचं आहे, पण राहीबाईंना काय माहीत आहे ते त्यातून कळत नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर आपल्या घरातलं. तिशीच्या आसपास वैधव्य आलं, त्यानंतर शेत आणि संसार दोन्ही ओढले, अक्षरओळख नाही. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या कविता टिकल्या त्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी टिपून ठेवल्या म्हणून; अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ मध्ये पुस्तक आलं. त्यांच्या कवितेवर पुढे प्रबंध झाले, विद्यापीठाला नाव मिळालं. पण जळगावच्या त्या शेतात त्या काय पेरत होत्या, बी कुठून आणत होत्या, सालदाराचा हिशेब कसा ठेवत होत्या, हे टिपायला घरात तेव्हा कुणाला सुचलं नाही. सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांनी कविता ओळखली. शेतकीतलं शहाणपण ओळखणारा कुणी त्या ओसरीवर नव्हता.

बी आणि त्याची जाण जपण्याची सोय आज कायद्यात आहे. २००१ च्या वाण-संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, अगदी विकण्याचाही हक्क दिला, फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. कोरापुटच्या सुवासिक कालाजीरा तांदळाला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जुन्या वाणाला बाजारात भाव मिळण्याची वाटही थोडी उघडली. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोक-जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. ही कल्पना रुजवण्यात पुण्याच्या माधव गाडगीळांचा मोठा वाटा. त्या नोंदवहीच्या नमुन्यात शेती, मासेमारी, जंगल यांची जाण असलेल्या, गावानं मानलेल्या माणसांची नावं लिहायलाही एक तक्ता आहे. महाराष्ट्रात नोंदवह्या कागदोपत्री झाल्या आहेत. अनेक ठिकाणी त्या तालुक्याला बसून भरल्या गेल्या, अशी तक्रार सतत ऐकू येते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे. त्या निमित्तानं सत्कार आणि शाली होतीलच. ग्रामपंचायतींनी त्यातला एक दिवस काढून तो तक्ता गावातल्या म्हाताऱ्यांसोबत पुन्हा भरावा: बाईचं नाव, तिच्याकडची वाणं, ती कुठल्या जमिनीत येतात, आणि तिनं ती कुणाकुणाला दिली आहेत.