सदक्यासाठी सोडलेला पक्षी

घरात कोणी दीर्घकाळ आजारी असले किंवा धंद्यात सतत खोट येऊ लागली, की पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन मोकळे सोडावेत, म्हणजे बला टळते, अशी समजूत आपल्या समाजात अनेक ठिकाणी आढळते. शहरातील पक्षीबाजारातून मुनियांची जोडी आणायची, रुग्णावरून उतरवायची आणि आकाशात सोडून द्यायची. वाचकहो, हे कृत्य सवाबाचे आहे काय? बंदिवानाला मोकळे करणे चांगलेच, मग शंका कसली, असे आपल्याला वाटेल. परंतु हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

प्रथम पक्ष्याचे स्थान पाहू. सूरह अल्-अनआमच्या ३८ व्या आयतीचा आशय असा, की जमिनीवर चालणारे प्राणी आणि दोन पंखांनी उडणारे पक्षी हेसुद्धा तुमच्यासारखेच समुदाय आहेत. म्हणजे ते आपल्या मालकीच्या वस्तू नव्हेत. ज्याने आपल्याला निर्माण केले, त्यानेच निर्माण केलेल्या त्या उम्मती आहेत. हाबीलच्या हत्येनंतर भावाचे प्रेत कसे झाकावे, हे काबीलला कावळ्याने दाखवले. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडेही दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. श्रद्धा वेगळ्या असल्या, तरी मृत्यूच्या प्रसंगी माणसाने या पक्ष्याकडे पाहिले, हे दोन्हीकडे समान आहे. हजरत सुलैमान (अ.) यांना ठाऊक नसलेली सबाची वार्ता हुदहुदने आणली. जो आपल्याला शिकवू शकतो, त्याला आपण केवळ साधन मानावे काय?

आता बला टळण्याचा मुद्दा. इस्लामपूर्व अरब प्रवासाला निघताना पक्षी उडवून पाहत. तो उजवीकडे गेला तर शकुन, डावीकडे गेला तर अपशकुन. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी या शकुनविचाराला नाकारले. सूरह बनी इस्राईलच्या १३ व्या आयतीत माणसाच्या कर्मासाठी 'ताइर' हा शब्द आला आहे. त्याचा मूळ अर्थच पक्षी. प्रत्येकाचा हा 'पक्षी' त्याच्याच गळ्यात बांधलेला आहे, हा तेथील भाव. आपले बरेवाईट आकाशात उडणाऱ्या जीवाच्या पंखांवर नसून आपल्या करणीवर आहे. आपल्याकडे घुबड कौलावर बसले तर घर धास्तावते. वास्तविक ते भाताच्या कोठारातले उंदीर टिपायला आलेले असते. सदक्यात बरकत आहे यात शंका नाही. मात्र ती अल्लाहच्या हाती आहे. आपले दुखणे घेऊन पक्षी उडून जातो, या कल्पनेला आधार नाही.

तरीही कोणी म्हणेल, 'बलेचे राहू द्या. समोरचा मुका जीव तडफडतो आहे, त्याला सोडवू नये काय?' हा आक्षेप खरा आहे आणि तो करुणेतून आलेला आहे. परंतु विक्रेत्याच्या हाती पडलेले पैसे पुढे काय करतात, याचाही विचार करावा लागतो. ते पुढच्या जाळ्याची किंमत होतात. सोडण्यासाठी गिऱ्हाईक आहे, म्हणूनच पकडण्याचा धंदा चालतो. जाळ्यातले कित्येक पक्षी वाटेतच मरतात. जे सुटतात ते दमलेले, परक्या शहरात टाकलेले असतात. आपण एकाला सोडवतो आणि दुसऱ्या अनेकांच्या बंदिवासाची मागणी नोंदवतो. हानीकडे नेणारी वाट आधीच बंद करावी, असे फिकहचे तत्त्व आहे. त्याला 'सद्द-ए-जराए' म्हणतात. हेतू शुद्ध असणे आवश्यकच आहे, पण परिणाम डोळ्यांपुढे असताना तेवढे पुरेसे नाही.

एका प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पंख पसरून घिरट्या घालू लागली. तेव्हा पैगंबर (स.) यांनी तिला कोणी दुःख दिले, असे विचारून पिल्ले परत ठेवायला सांगितली, असे अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. येथे मोल देण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. घेतलेले जागेवर ठेवा, एवढाच आदेश. दुसरीकडे, लहानग्या अबू उमैरजवळ एक पाखरू होते आणि पैगंबर (स.) त्याची मायेने चौकशी करीत, यावरून काळजी घेऊन पक्षी पाळणे मुळात वर्ज्य नाही, असा अर्थ फकीहांनी काढला. पण आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुनिया, राघू यांसारखे देशी पक्षी पकडणे, विकणे व पाळणे हा गुन्हा आहे. असा बाजार दिसला तर खरेदी न करता वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवणे, हीच त्या जीवाची खरी सोडवणूक होय.

माणसाचे पक्ष्यांशी नाते बदलू शकते, याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. मुरुड-रोह्याकडील फणसाडचे रान एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. पेणहून पनवेलकडे जाताना लागणारे कर्नाळा १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखलेले आहे. मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबात १८९६ साली जन्मलेल्या डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर अर्धवट खोपा विणतो, मादी तो पारखते, पसंत पडला तरच पुढचे विणकाम होते, हे त्यांनी धीराने पाहून मांडले. एखाद्या जीवाला त्याच्या जागी राहू देऊन त्याच्याकडे पाहणे, हाही त्याच्या निर्मात्याच्या निशाण्यांचा अभ्यासच आहे.

मग सदका कसा करावा? लावलेल्या झाडाचे फळ पक्ष्याने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, अशी बुखारीत हदीस आहे. तेव्हा पक्षी विकत घेण्याचे पैसे उंबराच्या रोपाला द्या. वैशाखात अंगणात पाण्याचे मातीचे भांडे भरून ठेवा. खोपे लटकलेली शिंदी पिल्ले उडेपर्यंत तोडू नका. मुलांच्या हाती नायलॉनचा मांजा देऊ नका. रुग्णासाठी दुआ करा आणि गरजूला औषध घेऊन द्या. पाखराला आपले ऋण फेडायला लावू नका. त्याचे आपल्यावर जे हक्क आहेत ते आपण फेडावेत. अल्लाह आपणा सर्वांना याची सद्बुद्धी देवो. आमीन.