पिवळा शंख

खरे काय आणि दिसते काय, याचा ऊहापोह करताना आपल्या दर्शनकारांनी पिवळ्या शंखाचे उदाहरण वापरले आहे. शंख पांढराच, पण पित्ताचा दोष झालेल्याला तो पिवळा दिसतो. दोष डोळ्याचा, शंखाचा नव्हे. वर्गात समजावून सांगायला हे उदाहरण सोपे आहे. डिजिटल कॅमेऱ्याची ‘रॉ’ फाइल संगणकावर उघडून पाहणाऱ्याला मात्र ते तितके सोपे राहत नाही.

देवघरातला शंख जुन्या पिवळ्या बल्बखाली ठेवा. निरोगी डोळ्याला तो पांढराच दिसेल. कॅमेऱ्याचा हिशेब उन्हाचा ठेवला असेल, तर छायाचित्रात तो पिवळा-नारिंगी येईल. मग चूक कोणाची? दुपारचे ऊन सुमारे ५,५०० केल्विनचे, तर बल्बचा उजेड सुमारे २,८०० चा. शंखावरून परतलेल्या त्या उजेडात तांबडा अंश खरोखरच जास्त आणि निळा कमी असतो. कॅमेरा आले तेवढे टिपतो. आपला मेंदू भोवतालच्या उजेडाचा अदमास घेऊन तो रंग परस्पर वजा करतो. म्हणजे पिवळा पाहणाराही खोटा नाही आणि पांढरा पाहणाराही नाही. एकाने नोंद केली, दुसऱ्याने निवाडा दिला.

रॉ फाइल ही अशी निव्वळ नोंद असते. बहुतेक कॅमेऱ्यांत कोडॅकच्या ब्राइस बायर यांची रचना असते; तिचे पेटंट १९७६ सालचे. सेन्सरवरील निम्म्या चौकोनांवर हिरवी गाळणी, पाव चौकोनांवर लाल आणि पाव चौकोनांवर निळी. प्रत्येक चौकोन आपल्यावर किती प्रकाश पडला, एवढाच आकडा लिहितो. १४ बिटांच्या फाइलीत त्याला १६,३८४ पायऱ्या मिळतात. नेहमीच्या जेपेगमध्ये एकेका रंगाला २५६. पांढरे कशाला म्हणायचे, याबद्दल कॅमेरा आपला अंदाज शेजारी टाचून ठेवतो. पण तो बंधनकारक नसतो. ठरवायचे आपणच.

ठरवण्याआधी नोंद मात्र पुरी हवी. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक साधारणपणे समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे धरून चालतो. त्यामुळे चुन्याची भिंतही करडी येते आणि काळा फळाही करडा. सगळ्यांना सरासरीने मोजण्याचा हा मोह आम्हा शिक्षकांना अनोळखी नाही! भिंत पांढरी यायची तर एक-दीड स्टॉप प्रकाश वाढवावा लागतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. पण फार वाढवला तर चौकोन काठोकाठ भरतात आणि पुढचे सारे वाहून जाते. मग संगणकावर कितीही खटपट केली तरी पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या परत येत नाहीत. अंधारातले वर काढता येते, थोडे दाणेदार होते इतकेच. म्हणून भर उन्हात पांढऱ्या सदऱ्यातल्या सावळ्या मुलाचा फोटो घेताना आधी सदरा जळू द्यायचा नाही आणि चेहरा नंतर उजळायचा.

नंतर किती उजळायचा? खरा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. ओळखपत्राच्या फोटोबाबत “जरा गोरा करून द्या” ही विनंती शाळेत दरवर्षी ऐकू येते, आणि ती मायेपोटी असते हेही मी जाणतो. पण मापाचा इतिहास पाहावा. कोडॅकने १९५० च्या दशकापासून फोटो छापणाऱ्यांना रंग जुळवण्यासाठी कार्डे दिली. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ती ओळखली जात, आणि त्यांवर कित्येक वर्षे गोरी स्त्रीच असे. माप गोरे, म्हणून सावळे चेहरे बिघडलेले. करडे कार्ड तसा पक्षपात करीत नाही. मुलाच्या चेहऱ्याजवळ, त्याच उजेडात ते धरले की उजेडाचा रंग कळतो आणि तेवढाच वजा करता येतो. उरतो तो मुलाचा स्वतःचा रंग. उजेडाचा दोष काढणे हा न्याय झाला; मुलाचा रंगच दोष समजून काढणे हा अन्याय. ज्यावर त्याची ओळख लिहायची, त्याच कागदावर आपण त्याला सांगतो की तू आहेस तसा चालणार नाहीस.

तरी कार्डालाच प्रमाण मानून भागत नाही. पणत्यांच्या उजेडात रांगोळी घालणाऱ्या मुलीच्या फोटोतून सगळा पिवळेपणा काढला, तर रांगोळी शुभ्र होईल, पण दिवाळी उरणार नाही. तिथे उजेड हाच प्रसंगाचा भाग आहे. ओळखपत्र माणसाची साक्ष देते, आठवणीतला फोटो त्या संध्याकाळचीही देतो. कशाची साक्ष द्यायची, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही.

सीमाभागातली आपली मुले घरी दुधाला ‘पांढरे’ म्हणतात आणि बाजारात ‘बिळी’. एका नोंदीची दोन वाचने त्यांना परकी नाहीत. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मूळ फाइल पुसू नये. आजचा आपला निवाडा उद्या कोणाला चुकीचा वाटला, तर त्याला पुन्हा पाहता आले पाहिजे.