धर्म जन्माचा की निवडीचा? १९३६ सालातला एक वाद

१७ मे १९३६ रोजी कल्याणला ठाणे जिल्ह्यातल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. विषय होता धर्मांतर. येवल्याच्या परिषदेत, १३ ऑक्टोबर १९३५ ला, हिंदू म्हणून मरणार नाही असे त्यांनी जाहीर केले होते. त्या निर्धाराचे काय करायचे, हे ठरवण्याचे वर्ष १९३६ होते. माणसाला मिळालेला धर्म तपासण्याचा आणि सोडण्याचा अधिकार आहे का, हा जुना प्रश्न त्या वर्षी भारतात पोथीतून बाहेर पडून सभामंडपात आला.

कल्याण हे जंक्शन. पुण्याची आणि नाशिकची लाइन इथेच फुटते. तिकीट काढलेला माणूस गाडीच्या डब्यात कोणाच्याही शेजारी बसू शके. तोच माणूस गावी उतरला की विहिरीपासून लांब उभा राही आणि कोणी वरून ओंजळीत पाणी घालील याची वाट पाही. कायद्याची बाजू त्याला अनुकूल नव्हती असेही नाही. सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. तरी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी भरण्याच्या हक्काचा दावा १९३६ मध्येही हायकोर्टातच होता. निकाल पुढच्या वर्षीच्या मार्चात लागला. नाशिकच्या काळाराम मंदिरातल्या प्रवेशासाठीचा सत्याग्रह मार्च १९३० मध्ये सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. ठराव, कज्जे आणि सत्याग्रह या तिन्ही वाटा चालून झाल्यावर धर्मांतराचा विचार पुढे आला, हा क्रम विसरता कामा नये. रागाच्या भरात घेतलेला निर्णय म्हणून त्याच्याकडे पाहणे अन्यायाचे ठरेल.

त्याच मे महिन्यात ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे पुस्तक निघाले. मुळात ते लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले अध्यक्षीय भाषण. वेदशास्त्रांच्या प्रामाण्यावरचे घाव मंडळाला पेलवेनात. मजकूर बदलायला आंबेडकर तयार नव्हते, म्हणून परिषदच रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. त्यातला सर्वांत खोल मुद्दा नियम आणि तत्त्व यांतल्या फरकाचा आहे. नियम काय करायचे ते सांगतो आणि माणूस ते मुकाट्याने करतो. तत्त्व फक्त दिशा दाखवते; त्या दिशेने कसे जायचे हे माणसाला स्वतः ठरवावे लागते, आणि म्हणून त्या कृतीची जबाबदारीही त्याची होते. जिथे नुसते विधिनिषेध आहेत तिथे आज्ञापालन असेल, धर्म नाही, असा हा युक्तिवाद. सोवळेओवळे पाळणारा माणूस दुष्टच असतो असे आंबेडकर म्हणत नाहीत. तो शास्त्र मानतो म्हणून तसा वागतो. तेव्हा प्रश्न शास्त्राच्या अधिकारालाच विचारायला हवा.

गांधीजींनी जुलैमध्ये आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात या पुस्तकाला उत्तर दिले. त्यांच्या मते जातीचा धर्माशी संबंध नाही, आणि कोणताही धर्म त्याच्या वाईट नमुन्यांवरून न जोखता त्याने घडवलेल्या उत्तम माणसांवरून जोखावा. ही कसोटी उदार आहे, आणि चोखोबा-तुकोबांची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ती सहज पटण्यासारखी. पण ती अपुरी पडते. आंबेडकरांनी दाखवून दिले की संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतली समता मात्र त्यांच्या शिकवणीने गावात आणली नाही. थोर माणसे प्रत्येक धर्मात निपजतात; रोजच्या व्यवहारात तो धर्म सामान्य माणसाकडून काय करवून घेतो, यावरच त्याचा कस लागायला हवा. विहिरीपाशी ताटकळणाऱ्याला संतचरित्राने पाणी मिळत नाही.

कल्याणनंतर दोनच आठवड्यांनी, ३१ मे रोजी, मुंबईला नायगावात महार परिषदेपुढे ‘मुक्ती कोन पथे?’ हे गाजलेले भाषण झाले. त्यात धर्मांतराचा विचार ऐहिक आणि पारमार्थिक अशा दोन्ही अंगांनी केलेला आहे. गावात मुसलमानांची दोनच घरे असली तरी त्यांच्या वाटेला कोणी जात नाही, कारण त्यांच्या पाठीशी मोठा समाज उभा असतो. अस्पृश्यांच्या पाठीशी कोणी नाही, हे निरीक्षण त्यातलेच. धर्माचा असा हिशेब मांडणे अनेकांना खटकले. परंतु ज्याला एकटे पाडले आहे त्याने सोबत शोधणे ही आध्यात्मिक गरजसुद्धा आहे, हे सुरक्षित माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. भाषणाचा शेवट बुद्धाने आपला शिष्य आनंद याला केलेल्या अखेरच्या उपदेशाने होतो. मात्र त्या वर्षी चर्चा शीख धर्माची अधिक होती. एप्रिलमध्ये आंबेडकर अमृतसरच्या शीख परिषदेला गेले आणि जूनमध्ये हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंजे यांच्याशी त्यांची त्याच विषयावर बोलणी झाली.

धर्मांतराच्या शक्यतेचा धाक दक्षिणेतही जाणवला. नोव्हेंबरच्या १२ तारखेला त्रावणकोरच्या महाराजांनी संस्थानातली देवळे सर्व हिंदूंना खुली केली. तिथल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या एळवा समाजातही धर्मांतराची भाषा सुरू झाली होती, आणि त्या दडपणाचा या निर्णयात मोठा वाटा होता.

मात्र धर्माची निवड करण्याचे स्वातंत्र्य कायद्याच्या वाटेवर लगेच अडले. पुणे कराराने मिळालेल्या राखीव जागा कोणाला लागू, हे ठरवणारा अनुसूचित जातींचा आदेश १९३६ मध्येच निघाला आणि त्याने ख्रिस्ती झालेल्यांना वगळले. म्हणजे धर्म बदलला की जातीमुळे सोसलेला अन्याय सरकारी दप्तरातून पुसला जाई, गावातून नव्हे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत मुख्यतः हिंदूंपुरतीच ठेवली; शिखांतल्या मोजक्या जातींचा अपवाद होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच वर्षी शीख दलितांना सरसकट मान्यता मिळाली. बौद्धांना ती मिळायला १९९० साल उजाडले.