नकाशावरचे पावणेचार तास

मांगारेवा आणि रापा नुई ही दक्षिण पॅसिफिकमधली दोन बेटं. पहिलं फ्रेंच पॉलिनेशियातलं, दुसरं चिलीचं. आपण त्याला ईस्टर बेट म्हणून ओळखतो. दोन्हीकडे विमानतळ आहे. मधलं हवाई अंतर साधारण 2,600 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटरचा वेग धरा, चढ-उताराचा अर्धा तास मिळवा, की पावणेचार तास होतात. हिशेबात कुठेही चूक नाही. फक्त या दोन विमानतळांमध्ये नियमित विमानच नाही.

मग जायचं कसं? मांगारेवाची धावपट्टी मुख्य बेटावर नाहीच, समोरच्या प्रवाळाच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. रिकितेया गावातून आधी बोटीने तिथे पोचायचं. तिथून विमानाने ताहिती, म्हणजे जायचंय पूर्वेला आणि निघायचं पश्चिमेला! करोनापूर्वी ताहितीहून रापा नुईला थेट विमान होतं. करोनाकाळात ते बंद पडलं. ते नसेल तर ताहितीहून ऑकलंड, ऑकलंडहून सांतियागो आणि सांतियागोहून पुन्हा समुद्रात 3,750 किलोमीटर आत. बेरीज 19 हजारांच्या घरात, म्हणजे जवळपास अर्धी पृथ्वीप्रदक्षिणा.

याचा दोष समुद्राला देता येत नाही. धावपट्टीलाही नाही, रापा नुईची धावपट्टी सव्वातीन किलोमीटरहून लांब आहे. अमेरिकेच्या अवकाशयानाला अडचणीत उतरता यावं म्हणून नासाने 1980च्या दशकात ती वाढवून घेतली. यान तिथे कधी उतरलं नाही, सांतियागोची मोठी विमानं मात्र आरामात उतरतात. विमान ज्या वाटेने जातं ती वाट प्रवासी, माल आणि सरकार यांनी आखलेली असते. रापा नुई 1888 साली चिलीने आपल्यात सामील करून घेतलं, म्हणून त्याचा दवाखाना, भाजीपाला, कॉलेज सगळं सांतियागोकडे. मांगारेवावर फ्रान्सचा अंमल, म्हणून त्याचं तोंड ताहितीकडे. शेजाऱ्याकडे जायचं तर दोघांनाही आधी आपापल्या धन्याच्या दारात हजेरी लावावी लागते.

आणि हे शेजारी परके नाहीत. दोघांच्या भाषा एकाच कुळातल्या. रापा नुईवर पहिली वस्ती मांगारेवाच्या बाजूनेच आली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. 1871 मध्ये मिशनऱ्यांनी रापा नुईचे बरेच लोक बेट सोडून मांगारेवाला नेले, तेही समुद्रमार्गे, सरळ.

त्यामुळे दुर्गम विमानतळांच्या बाबतीत किलोमीटरवरून काढलेल्या तासांवर माझा तरी विश्वास नाही. तिथे विमान आठवड्यातल्या कोणत्या वारी येतं, हे आधी विचारावं. 1999 साली हवाईच्या ‘होकुलेआ’ या शिडाच्या जोडनावेने मांगारेवा ते रापा नुई हा प्रवास केला. खलाशांनी आधुनिक दिशादर्शक उपकरणं वापरली नाहीत. तारे, लाटा आणि वारा पाहत ते गेले. त्यांना 17 दिवस लागले.