पोटगी थकते तेव्हा

कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या बाईच्या मांडीवरची प्लास्टिकची फाईल बघून खटला किती जुना आहे याचा अंदाज येतो. सुरुवातीला तीत लग्नपत्रिका, फोटो, जन्माचा दाखला असतो. मग शाळेच्या फीच्या पावत्या येतात, दवाखान्याची बिलं येतात. शेवटी सगळ्यात वर येतं बँकेचं पासबुक, त्यात पोटगीच्या दोन-चार नोंदी आणि पुढची पानं कोरी. पुकारा होतो, समोरचा गैरहजर असतो, त्याचा वकील मुदत मागतो, पुढची तारीख पडते. बाईची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

कायद्यात उणीव आहे असं म्हणता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 125 हे 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 म्हणून आलं आहे. धर्म कोणताही असो, ऐपत असलेल्या बापाला मुलाचा सांभाळ टाळता येत नाही. 2001 पर्यंत या रकमेला महिना 500 रुपयांची मर्यादा होती, तीही गेली. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायदाच सांगतो. तरीही नागपूरच्या कुटुंब न्यायालयात 2013 मध्ये मागितलेल्या अंतरिम पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटायला 2020 चा नोव्हेंबर उजाडला. त्याच निकालात न्यायालयाने दोन्ही पक्षांना मिळकत आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितलं. निकाल मोलाचा आहे. पण ज्या बाळासाठी महिना 5,000 रुपये ठरले होते, ते तोवर शाळेत जाऊ लागलेलं होतं.

खरी अडचण हुकूम झाल्यानंतर सुरू होते. पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज करायचा, तोही थकल्यापासून वर्षाच्या आत. वॉरंट निघतं, आणि तरीही भरणा झाला नाही तर थकलेल्या महिन्यांसाठी तुरुंगवास. एवढं होऊनही देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केलं. ते योग्यच आहे, कारण तुरुंगातल्या दिवसांनी मुलाचं पोट भरत नाही. पण मग तुरुंग कशासाठी? ज्याच्याकडे पैसे असून तो दडवतो, त्याच्यासाठी. दारात पोलीस उभे राहिले की अशांची रक्कम एका दिवसात उभी राहते, हे कोर्टात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे हा धाक काढून टाका, असं मुलाचं भलं चिंतणारा कुणी म्हणणार नाही. पण हाच दोर काम सुटलेल्या गवंड्याच्याही गळ्यात पडतो. तो आत गेला की त्याची उरलीसुरली मजुरीही थांबते.

अमेरिकेत याचं टोक बघायला मिळालं. साऊथ कॅरोलायनातल्या एका बापाला आठवड्याला 51.73 डॉलर द्यायचे होते. ते थकत गेले आणि तो पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला, एकदा तर 12 महिने. सुटून आला तेव्हा देणं फिटलेलं नव्हतंच, उलट वाढत गेलं. 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की त्याची ऐपत आहे की नाही हे नीट तपासल्याशिवाय त्याला आत टाकणं अन्याय्य होतं.

‘देऊ शकत नाही’ आणि ‘देत नाही’ यांतला हा फरक आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायात, गावं कशी वसवावीत हे सांगता सांगता, मुलंबाळं, बायको, आईबाप यांना न पोसणाऱ्याला बारा पण दंड सांगितला आहे. पण तो ‘शक्तिमान’ माणसाला, म्हणजे ऐपत असूनही हात आखडणाऱ्याला. बायकामुलांची सोय न लावता संन्यास घेणाऱ्याला तर त्याहून कितीतरी मोठा दंड आहे. मोक्षाच्या वाटेवरसुद्धा घरचं देणं आधी चुकवावं लागतं. संन्यास घेतलेल्या विठ्ठलपंतांना त्यांच्या गुरूंनी काशीहून आळंदीला परत पाठवलं, या आपल्या परंपरेतल्या कथेतही हीच समज आहे. आणि संन्यास सोडून संसारात परतण्याची किंमत पुढे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या लेकरांना मोजावी लागली, हेही तीच कथा सांगते. कुराणातही दूध पिणाऱ्या बाळाच्या आईचं अन्नवस्त्र बापावर टाकलेलं आहे, आणि लगेच कुणावर कुवतीबाहेर ओझं घालू नये, असं बजावलेलं आहे.

अर्थशास्त्रातल्या त्या दंडाच्या आधीच आणखी एक सूत्र आहे, आणि सगळा प्रश्न त्याच्यापाशी येऊन थांबतो. बालक, वृद्ध, संकटात सापडलेले आणि अनाथ यांना राजाने पोसावं. म्हणजे कौटिल्य एकाच ठिकाणी दोन गोष्टी सांगतो. बापाकडून वसूल करा, आणि मूल उघड्यावर पडू देऊ नका. आपण पहिली उचलली, तीही अर्धवट, आणि दुसरी विसरलो.

आज पर्याय म्हणून सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते समुपदेशनाचं आणि मध्यस्थीचं. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याचा गाभाच तडजोड हा आहे, आणि बोलणं शक्य असेल तिथे त्याहून बरं काही नाही. पण मारहाण सोसून बाहेर पडलेली बाई त्या टेबलापाशी बरोबरीने बसत नाही. ‘सुटू दे एकदाचं’ म्हणून ती मुलाच्या हक्काची रक्कम सोडून देते, जी सोडायचा अधिकार तिचा नसतोच. पगारातून परस्पर कपात हा उपाय खणखणीत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येतो. पण तो पगारपत्रक असणाऱ्यांपुरता. हमाल, रिक्षावाला, शेतमजूर यांना तो लागू करायचा कसा? ऑस्ट्रेलियाने 1988 पासून ही वसुली प्राप्तिकर खात्यामार्फत सुरू केली, आणि रक्कम ठरवायला सूत्र आणलं. आता त्या सूत्रात आई आणि बाप दोघांचं उत्पन्न आणि मूल कुणाकडे किती रात्री राहतं हे धरलं जातं. त्यामुळे बापाला लुबाडलं गेल्यासारखं वाटत नाही आणि आईला दर वेळी हात पसरावा लागत नाही.

सगळ्यात न्याय्य वाट मात्र स्वीडनने 1937 मध्ये आणि जर्मनीने 1980 पासून धरली. बाप देत नसेल तर सरकार मुलाला ठरावीक रक्कम आधी देतं आणि मग मुलाचा तो हक्क आपल्याकडे घेऊन बापाकडे वसुलीला जातं. जर्मनीत 2017 पासून ही मदत मूल 18 वर्षांचं होईपर्यंत मिळू शकते. तिथे वसुली दिलेल्या रकमेच्या निम्म्याच्याही खूप खाली राहते. यावर टीका होते की सरकारने बापांना मोकळं सोडलं. आक्षेप खोटा नाही. पण वसुली अपुरी पडली तर ती सरकारने नेटाने करावी, तो तोटा सहा वर्षांच्या मुलाने का सोसावा?

महाराष्ट्राला हे सगळं परकं नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक असलेल्या मुलांना महिना 2,250 रुपये मिळतात. पण ती योजना आणि पोटगीचा हुकूम यांची आज कुठे गाठच पडत नाही. एक बालकल्याण समितीपुढे, दुसरा न्यायालयात, आणि एकाच मुलाच्या दाखल्यांच्या झेरॉक्स दोन्हीकडे. पोटगीचा हुकूम झाला की त्याची प्रत थेट जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जावी, पुढच्या महिन्यापासून मुलाच्या खात्यात रक्कम सुरू व्हावी, आणि थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी सरकारने बापाकडून वसूल करावी. खरोखर कंगाल असलेल्याला हप्ते द्यावेत, रोजगार हमीचं काम द्यावं. दडवणाऱ्यावर वॉरंट काढावं. मग व्हरांड्यात पुकारा होईल तेव्हा बापासमोर सरकारी वकील उभा असेल, आणि मुलाची आई त्या दिवशी कामावर गेलेली असेल.